चाकांतील हवा

मोटारीचा सारा भार चाकांत कोंडलेल्या हवेने पेललेला असतो आणि ही हवा कोणाच्या नकळत दरमहा थोडीथोडी झिरपत असते. हवा उणावली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, आतून तापतात आणि भर वेगात टायर फुटण्याचा संभव वाढतो. यास्तव महिन्यातून एकदा, तसेच लांबच्या प्रवासापूर्वी, सकाळी गाडी हलविण्याआधी दाब मोजावा. धावून तापलेल्या टायरमध्ये तो दर चौरस इंचास ४-५ पौंडांनी वाढलेला आढळतो. हवा जास्त झाली असे समजून ती सोडणे, ही घातक चूक होय. कारण टायर निवताच दाब उणा पडतो. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर दिलेला असतो. टायरवरचा आकडा केवळ कमाल मर्यादा सांगतो. स्टेपनीलाही विसरू नये. ऐन अडचणीच्या वेळी तीच बसलेली निघावयाची!