गाडीच्या कोपऱ्यातला खर्ज

रस्त्याने येणारी एखादी जीप दिसण्याआधी तिची ‘धम् धम्’ ऐकू येते, हा अनुभव आता खेड्यापाड्यांतही नवा राहिलेला नाही. गाणे कोणते ते कळत नाही, शब्द तर नाहीच नाही. कळतो तो नुसता दणका. मालकाला विचारावे तर तो अभिमानाने मागची पेटी दाखवतो. त्या पेटीने सामानाची निम्मी जागा खाल्लेली असते, स्टेपनी काढायची झाली तर आधी पेटी उतरवावी लागते, आणि एवढे करूनही डग्गा काही डग्ग्यासारखा वाजत नाही.

यात दोष बहुधा स्पीकरचा नसतो, पेटीचा असतो. जागा अपुरी म्हणून पेटी वाईट, असेही नाही. सीटच्या मागच्या फटीत किंवा चाकावरच्या फुगीर भागाशेजारी चांगला खर्ज बसवता येतो. मात्र हिशेब आधी आणि करवत मागाहून, हा क्रम पाळला पाहिजे.

खर्जाच्या या स्पीकरला बाजारात सबवूफर म्हणतात. त्याला पेटी मुळी लागतेच कशाला? स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची दाब-लहर आणि मागची विरळ लहर कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. उंच स्वरांचे यात फारसे बिघडत नाही, खर्ज मात्र नाहीसा होतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर वाजवावा. मग मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या तोंडाएवढे भोक पाडून स्पीकर त्यावर धरावा. आवाज तोच, पण भरीवपणा एकदम येतो. मुलांच्या चेहऱ्यावर तो दिसतो!

पेटीचे काम या पुठ्ठ्याचेच, फक्त चहूबाजूंनी बंद केलेले. पण बंद केल्याबरोबर एक नवी गोष्ट घडते. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली रेटून पाहा. आतली हवा स्प्रिंगसारखी उलट ढकलते, आणि पंपात हवा जितकी थोडी राहते तितकी ही स्प्रिंग ताठ होते. बंद पेटीतल्या हवेचेही असेच आहे. पेटी लहान असेल तर हवा ताठ होते, पडदा आखडतो आणि त्याचा स्वाभाविक स्वर वर चढतो. या हवेच्या स्प्रिंगचाच उपयोग करून एडगर विल्चर या अमेरिकन गृहस्थांनी १९५४ साली लहानशी बंद पेटी बाजारात आणली. तोवर चांगल्या खर्जाला कपाटाएवढे खोके लागते, असा समज होता. पुढे १९६१ साली ऑस्ट्रेलियात थील यांनी, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत स्मॉल यांनी पेटीचे गणित मांडले. आज स्पीकरच्या खोक्यातल्या कागदावर जे बारीक आकडे असतात, ते याच दोघांच्या नावाने ओळखले जातात.

त्या कागदावरचे तीनच आकडे आपल्याला हवेत. पहिला, मोकळ्या स्पीकरची सेकंदाला होणारी आंदोलने. दुसरा, पडद्याच्या टांगणीइतकीच ताठ असणारी हवा किती लिटर, तो आकडा. तिसरा ‘क्यू’, म्हणजे थाप बसल्यावर पडदा किती वेळ डोलत राहतो त्याचे माप. समजा, १० इंची स्पीकरचे हे आकडे अनुक्रमे ३०, ३० आणि ०.४ आहेत. दुसऱ्या आकड्याला पेटीच्या लिटरांनी भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा, आणि त्याने पहिल्या व तिसऱ्या आकड्याला गुणा. पेटी १० लिटरची असेल तर वर्गमूळ येते २. म्हणजे स्वर ६० वर चढला आणि क्यू ०.८ झाला. क्यू ०.७ च्या आसपास असला की थाप स्वच्छ येते, तेव्हा हे चालण्यासारखे आहे. पेटी ५ लिटरची केली तर स्वर ७९ वर आणि क्यू १.०६ वर जातो. इथे गुमगुम सुरू झालीच म्हणून समजा! सातवी-आठवीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. ते न करता चार हजारांचे प्लायवुड कापणारे पाहिले की नवल वाटते.

खरी मेख आहे ती लिटर मोजण्यात. सीटच्या मागे बसणारी पेटी तिरकी असते. समजा, ती बाहेरून ६० सेंटिमीटर रुंद, ३६ उंच, आणि खोलीला वर १२ तर खाली २० सेंटिमीटर आहे. सरासरी खोली १६. गुणाकार केला की साडेचौतीस लिटर येतात आणि सुतार खूष होतो. पण फळी १८ मिलिमीटरची आहे, आणि ती दोन्ही बाजूंना आहे. प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर वजा करा, मग उरतात साधारण साडेबावीस लिटर. तिसरा हिस्सा लाकडानेच खाल्ला! त्यातून स्पीकरचे चुंबक आणि आतल्या आधारपट्ट्या वजा जाता २० च्या घरात शिल्लक राहते. तरी हरकत नाही. आपल्या स्पीकरला २० लिटरमध्ये ४७ आणि ०.६३ हे आकडे मिळतात, आणि ते चांगलेच आहेत. मात्र कापण्यापूर्वी पुठ्ठ्याची पेटी करून गाडीत बसवून पाहावी, सीट मागेपुढे सरकवावी, आणि चुंबक मागच्या फळीला टेकत नाही ना, हेही बघावे.

जिथे एकही बाजू सरळ नाही अशा कोपऱ्यात लाकूड हरते. तिथे पत्र्याला चिकटपट्टी आणि कागद लावून त्यावर काचतंतूंचे कापड व रेझिन यांचे थर चढवतात. वाळले की कोपऱ्याचाच साचा हाती येतो. अशा वेड्यावाकड्या भांड्याचे आकारमान कसे काढायचे? त्यात ज्वारी ओता आणि लिटरच्या मापाने मोजून काढा. पायलीने मोजू नका. पायली गावोगाव निराळी असते. रेझिनचे काम उघड्यावर करावे, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. त्यात मिसळायचे द्रव्य डोळ्यात गेले तर दृष्टीवर बेतू शकते.

आता कोणी म्हणेल, सुतारसाहेब ठीक, पण ४७ च्या खालचा खर्ज गेलाच की! घरात गेला असता. गाडीत जात नाही. ४० आंदोलनांच्या स्वराची एक लहर साडेआठ मीटर लांब असते. गाडीचा आतला भाग अडीच-तीन मीटरचा. एवढ्याशा जागेत ती लहर मावत नाही, सगळी हवाच एकदम दाबली-सोडली जाते, आणि साधारण ६० च्या खाली स्वर जसजसा उतरतो तसतशी गाडी त्याला उचल देते. बंद पेटी जिथे उतरू लागते तिथेच गाडी चढू लागते. म्हणूनच तंग जागेत मी नळीच्या पेटीपेक्षा बंद पेटीची शिफारस करतो. लहान पेटीला नळी लांब लागते आणि ती आत मावत नाही. ताडपत्रीच्या उघड्या जीपमध्ये मात्र ही उचल फारशी मिळत नाही, हेही सांगून ठेवतो.

लहान पेटीला वीज जास्त लागते, पण वॅटच्या मागे धावण्यात अर्थ नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. पेटीत कृत्रिम धाग्यांचा कापूस सैल भरला तर तिची हवा थोडी जास्त असल्यासारखी वागते. हा उपाय स्वस्त.

बसवताना आवाजापेक्षा जिवाचा विचार आधी करावा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर २० किलोची सुटी पेटी पुढच्या माणसावर सुमारे चार क्विंटलच्या जोराने येते. तेव्हा ती नट-बोल्टने पत्र्याला आवळलेली हवी. पण भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पाहा. पुष्कळ मोटारींत इंधनाची टाकी मागच्या सीटखालीच असते. सीटबेल्टच्या खिळीला हात लावू नका. बॅटरीकडून येणाऱ्या तारेला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा, आणि पत्र्यातून तार जाते तिथे रबरी कडे हवे. तिथे तार घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही.

एमडीएफ ओलीने फुगते, म्हणून कोकणात आणि मावळात पाणी सोसणारे प्लायवुडच बरे. सांधे गोंदाने भरून घ्यावेत. सगळे जमल्यावर बोटे पसरून पडदा हलकेच आत दाबावा आणि सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. टपकन उसळला तर कुठेतरी फट आहे. वाजवताना कान सांध्याजवळ न्यावा, फुसफुस ऐकू येते तिथे पुन्हा गोंद भरावा. महिनाभर खाचखळग्यांतून गाडी फिरली की सगळे बोल्ट एकदा परत आवळून घ्यावेत.