आधी रिमोट, मग विमान

बारामती-इंदापूर पट्ट्यात मॉडेल विमान उडवणाऱ्याला वाऱ्यापेक्षा उसाची धास्ती जास्त. आडसाली ऊस बघता बघता माणसाच्या दुप्पट उंच होतो. मीटरभर पंखांचं थर्माकोलचं विमान त्यात शिरलं, की चार सरी पलीकडूनही दिसत नाही. मग पाचटानं हात ओरबाडून घेत सरी-सरीनं हिंडायचं, आणि शेतमालकानं हटकलं तर काय सांगायचं तेही मनात जुळवत राहायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने सुरू होऊन तोडणी त्या शिवारात पोचेपर्यंत विमान तिथंच पडून राहिल्याच्या गोष्टी या छंदात नवलाच्या नाहीत. त्यामुळे रिमोट घेताना इथल्या माणसानं दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा तो असा: विमान पडल्यावर हा रिमोट मला काही सांगतो का?

काही रिमोट सांगतात. विमानातला रिसिव्हर नुसते हुकूम ऐकत नाही, उलट बोलतोही. बॅटरीचा व्होल्टेज आणि आपल्याला सिग्नल किती जोरात मिळतोय ते खाली कळवतो. यालाच टेलिमेट्री म्हणतात. उसात पडलेला रिसिव्हर जिवंत असेल, तर रिमोटच्या पडद्यावर तो आकडा हलत राहतो. मग रिमोट छातीशी धरायचा आणि जागेवरच सावकाश गिरकी घ्यायची. शरीर मध्ये आलं की आकडा घसरतो, तोंड विमानाकडे झालं की वर येतो. अशी दिशा धरून बांधापर्यंत जायचं आणि तिथं पुन्हा एक गिरकी. उसाच्या पानांत पाणी असतं आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पाल्यात मुरतात, म्हणून लांबून काही हाती लागत नाही. जवळ गेलं की पत्ता लागतो. शोधायला शिरण्याआधी मोटर बंद ठेवणारा स्विच ओढलेला पाहिजे. पाचटात अडकलेला पंखा अचानक फिरला तर बोटं जातात.

नवशिका नेमकं उलटं करतो. सगळं लक्ष आणि पैसे विमानावर घालवतो आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो रिमोट उचलतो. थर्माकोलचं किंवा फोमशीटचं पहिलं विमान फार दिवस टिकत नाही. नाक मोडतं, हॉट ग्लूनं जोडलं जातं, पुन्हा मोडतं. रिमोट मात्र पाच-सहा विमानं पाहतो. तेव्हा तो आजच्या विमानापुरता न घेता तिसऱ्या-चौथ्या विमानाच्या हिशेबानं घ्यायला हवा.

बारामतीत बसून घेणाऱ्यापुढे साधारण तीन वाटा असतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे फ्लायस्कायचा एफएस-सीटी६बी. याला पडदाच नाही, सेटिंग करायचं तर केबलनं कॉम्प्युटरला जोडायचा. माळावर कॉम्प्युटर कोण नेणार? आजच्या काळात हा घेऊच नये. दुसरा त्याच कंपनीचा एफएस-आय६. सहा चॅनेल, छोटा पडदा, वीस विमानांची सेटिंग लक्षात ठेवणारी मेमरी आणि चार पेन्सिल सेलवर चालणारा. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये हाच जास्त दिसतो. बिघडला तर कोणाकडे तरी दुसरा सापडतो, हा त्याचा मोठा गुण. याच्याबरोबर आयए६बी हा रिसिव्हर घेतला तर टेलिमेट्री मिळते. तिसरी वाट रेडिओमास्टरच्या पॉकेट, बॉक्सर किंवा टीएक्स१६एस या रिमोटांची. हे एजटीएक्स नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात आणि यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडले की सिम्युलेटरची जॉयस्टिक होतात. पिकासिमसारखा सिम्युलेटर फुकट मिळतो. विमान त्याच्यात हवं तितकं आपटावं, कोणाचा ऊस मोडत नाही.

या तिसऱ्या वाटेवर एक खड्डा आहे आणि बरेच जण त्यात पडतात. बाहेरून हुबेहूब सारखा दिसणारा टीएक्स१६एस आत दोन वेगवेगळ्या मॉड्यूलांसह विकला जातो. एकात ‘फोर-इन-वन’ असतं. ते फ्लायस्काय, फ्रस्काय, स्पेक्ट्रम अशा अनेक कंपन्यांच्या रिसिव्हरांशी बोलतं. दुसऱ्यात एक्सप्रेसएलआरएस असतं. ते वेगवान आहे, लांब पल्ल्याचं आहे, पण फक्त आपल्याच जातीच्या रिसिव्हरांशी बोलतं. घरात फ्लायस्कायचे दोन रिसिव्हर पडलेत म्हणून एक्सप्रेसएलआरएसचा रिमोट मागवणाऱ्याला ते दोन्ही रिसिव्हर बाजूला ठेवावे लागतात. नवे रिसिव्हर घेतानाही डोळे उघडे हवेत. नखाएवढे स्वस्त एक्सप्रेसएलआरएस रिसिव्हर ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरसाठी असतात, त्यांच्यात सर्व्होची, म्हणजे रडर-एलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरची, पिन थेट खोचता येत नाही. साध्या विमानाला ईआर६सारखा, सर्व्होसाठी वेगळ्या पिना असलेला रिसिव्हर लागतो. शिवाय रिमोटमधलं आणि रिसिव्हरमधलं सॉफ्टवेअर एकाच पिढीचं पाहिजे. एकीकडे दोन नंबरची आवृत्ती आणि दुसरीकडे तीन नंबरची असेल तर बाइंडिंग, म्हणजे दोघांची जोडणी, होत नाही, आणि माणूस दुपारभर बटणं दाबत बसतो.

चॅनेल किती हवेत यावर लोक उगाच वाद घालतात. एलरॉन, एलेव्हेटर, थ्रॉटल आणि रडर हे चार अटळ. पाचवा फ्लॅपला, सहावा विमानात बसवलेल्या भोंग्याला. उसाच्या मुलखात हा भोंगा चैनीत मोडत नाही. स्विच ओढला की विमान पडल्या जागी किंचाळतं. सहा चॅनेल पुरतात, आठ असले तर पुढची काळजी मिटते. सोळा चॅनेल आहेत म्हणून रिमोट घेणाऱ्याचे दहा रिकामेच राहतात.

स्टिककडे मात्र नीट पाहावं. स्वस्त रिमोटमध्ये स्टिकच्या बुडाशी रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा पोटेन्शिओमीटर असतो, आत धातूची जीभ कार्बनवर घासत राहते. मार्च ते मे या भागातली काळ्या मातीची धूळ बंद खोलीतही शिरते, माळावर तर विचारायलाच नको. धूळ गेली की स्टिक स्थिर धरूनही सर्व्हो थरथरतो. हॉल सेन्सरच्या स्टिकमध्ये घासणारं काही नसतं, चुंबकाची जागा बदलली की चिप ती ओळखते. रेडिओमास्टरच्या त्या तिन्ही रिमोटांत हॉल सेन्सर आहेत. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते रंगीत पडद्यापेक्षा इथं द्यावेत.

थ्रॉटल डाव्या हाताला असेल तर त्याला मोड दोन म्हणतात, उजव्या हाताला असेल तर मोड एक. भारतात मोड दोनच जास्त चालतो. तरीही इंटरनेटवर काय चांगलं म्हणतात ते पाहण्यापेक्षा शिकवणारा ज्या मोडवर उडवतो तोच घ्यावा. दोन रिमोट एकमेकांना जोडून उस्तादाच्या हातात स्विच ठेवता येतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला की स्विच सोडायचा, विमान परत उस्तादाच्या ताब्यात. मोड वेगळे असले तर शेजारी उभं राहून ‘उजवी स्टिक ओढ’ म्हणून सांगताही येत नाही.

आता फ्रिक्वेन्सी. पूर्वी मॉडेल विमानांचे रिमोट ३५, ४०, ७२ मेगाहर्ट्झवर चालत. प्रत्येकाचा क्रिस्टल वेगळा असावा लागे. मैदानात दोघांचा एकच नंबर आला आणि एकानं न विचारता रिमोट चालू केला, की दुसऱ्याचं विमान खाली. २००५ हे वर्ष या छंदाला वळण देणारं ठरलं. त्या वर्षी स्पेक्ट्रमनं डीएक्स६ हा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट बाजारात आणला, आणि भारत सरकारनंही त्याच वर्षी जानेवारीत २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक ताकदीपर्यंत परवान्यातून मोकळा केला. नवे रिमोट या पट्ट्यात सतत जागा बदलत राहतात, त्यामुळे एकाच माळावर दहा जण एकत्र उडवू शकतात.

एक्सप्रेसएलआरएसची ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारी भावंडंही विकायला असतात आणि त्यांची ‘कित्येक किलोमीटर’ची जाहिरात मोहात पाडते. अमेरिकेतला ९१५ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे मोकळा नाही, तिथं मोबाइल कंपन्यांचा शेजार आहे. भारतात मोकळा पट्टा आहे तो ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा छोटा तुकडा, आणि एक्सप्रेसएलआरएसच्या सेटिंगमध्ये त्यासाठी भारताचा वेगळा पर्यायही दिलेला असतो. पण एवढा खटाटोप करायचा कशासाठी? मीटरभर पंखांचं विमान तीन-चारशे मीटरवर गेलं की ते सरळ उडतंय की उलटं झालंय हे डोळ्यांना कळत नाही. मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं, असं नियमही सांगतात. एवढ्या अंतराला २.४ गिगाहर्ट्झचा साधा रिमोट पुरून उरतो.

मात्र अँटेना नीट लावलेली हवी. रिसिव्हरच्या बारीक काळ्या वायरीचं टोक पाहिलं तर शेवटचा तीन सेंटिमीटरचा तुकडा वेगळा दिसतो, वरची जाळी सोललेली. काम तेवढाच तुकडा करतो, बाकीची वायर नुसती वाहक. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर आणि हा तुकडा तिचा चौथा हिस्सा. तो मोटरच्या वायरीवर किंवा बॅटरीखाली दाबून टेप मारणारे पुष्कळ भेटतात. दोन अँटेना असतील तर एक आडवी, एक उभी अशी काटकोनात बसवावी. रिमोटची अँटेना विमानाकडे रोखू नये, कारण टोकाच्या दिशेनं ती सगळ्यात कमी फेकते. रिमोटच्या बॅटरीतही फसू नये: पुण्यातल्या बुधवार पेठेतून १८६५० सेल आणताना त्यावर ९९०० एमएएच छापलेलं असेल तर तो तिथंच ठेवून यावा. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात.

रिमोटची खरी परीक्षा विमान जमिनीवर असतानाच होते, आणि माळावर ती पाहण्यासारखी असते. “दादा, पंखा काढला,” पोरगा सांगतो. दादा विमान हातात घट्ट धरतो. पोरगा थ्रॉटल अर्ध्यावर नेतो, मोटर गुणगुणायला लागते. मग दादा म्हणतो, “आता रिमोट बंद कर.” बटण दाबलं जातं, पडदा विझतो. मोटर क्षणभरात थांबली तर फेलसेफ लागलेला आहे. फिरतच राहिली तर विमान पेटीत परत. काही रिसिव्हर सिग्नल तुटला की शेवटचा हुकूम धरून बसतात. अर्धा थ्रॉटल होता तर अर्ध्या थ्रॉटलवर विमान बॅटरी संपेपर्यंत वाट फुटेल तिकडे जात राहतं. थ्रॉटल शून्य आणि बाकी स्टिक मध्यावर, असा फेलसेफ रिमोटच्या मेनूत किंवा रिसिव्हरमध्ये बसवून द्यावा लागतो. अमेरिकेतल्या एसएई एरो डिझाइन स्पर्धेत तर २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आणि सिग्नल तुटताच बंद पडणारी मोटर या दोन्ही अटी नियमातच आहेत. यानंतर रिमोट कमी ताकदीच्या रेंज-चेकवर ठेवून तीसेक पावलं मागं जायचं आणि रडर हलतंय का ते पाहायचं. जो रिमोट ही सोय देत नाही तो या छंदाच्या कामाचा नाही.

उडवायचं कुठं, हा प्रश्नही रिमोट घेतानाच सोडवलेला बरा. बारामतीचा विमानतळ शहराच्या उत्तरेला गोजुबावी-कटफळच्या बाजूला आहे आणि तिथं वैमानिक घडवणाऱ्या संस्थांची शिकाऊ विमानं घिरट्या घालत असतात. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीवाचून काहीही उडवता येत नाही, आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत चालतं, आणि त्यापलीकडे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत. म्हणजे बारामती एमआयडीसीतला मोकळा प्लॉट कितीही सपाट असला तरी तो बाद. शिकण्यासाठी, संशोधनासाठी किंवा हौसेखातर नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, एवढी सवलत याच नियमांनी दिली आहे.

इंदापूर तालुका या वर्तुळाच्या बाहेर पडतो. भिगवण विमानतळापासून सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर, वालचंदनगर तीसेक. वालचंदनगर ज्यांच्या नावावरून ओळखलं जातं त्या वालचंद हिराचंदांनीच डिसेंबर १९४०मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. विमानाच्या वेडाला या तालुक्यात इतका जुना आधार आहे. भिगवण-कुंभारगावची गोष्ट थोडी वेगळी. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी हटलं की मोकळी होणारी गाळपेराची जमीन उतरायला मऊ आणि सपाट. पण हिवाळ्यात तिथं फ्लेमिंगो उतरतात. त्या दिवसांत पाणवठ्याजवळ विमान नेऊच नये, रिमोट कितीही भारी असो.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं हात आखडता असेल तर एफएस-आय६ आणि आयए६बी रिसिव्हर घ्यावा. थोडं थांबता येत असेल तर पैसे जमवून हॉल स्टिकचा, शिकवणाऱ्याच्या मोडचा, २.४ गिगाहर्ट्झचा पॉकेट किंवा बॉक्सर घ्यावा, आणि आत कोणतं मॉड्यूल आहे ते ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून लिहून घ्यावं. ९१५ असं लिहिलेलं खोकं आलं तर ते न उघडता परत पाठवावं. आणि पैसे भरण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या ड्रोन-नकाशावर आपल्या गावाचा रंग एकदा पाहून घ्यावा.