प्रकाशाची लक्ष्मणरेषा ओलांडणारी पट्टी

भिंग कितीही निर्दोष घासा, त्यातून पडणारा प्रकाशाचा ठिपका साधारण अर्ध्या तरंगलांबीहून बारीक होत नाही. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ही विवर्तनाची मर्यादा मांडली. येना शहरातल्या त्यांच्या स्मारकावर तिचं सूत्र कोरलेलं आहे.

पण ही मर्यादा दूरवर जाणाऱ्या लहरींची आहे, आणि खरी गंमत इथेच आहे! अतिसूक्ष्म तपशील वाहणाऱ्या लहरीही असतात. फक्त त्या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि थोड्याच अंतरावर विरून जातात. त्या विरण्याआधीच त्यांना कामाला लावलं तर?

मिशिगन विद्यापीठाचे रोबेर्तो मर्लिन यांनी २००७ मध्ये याचं गणित मांडलं. पुढच्याच वर्षी अँथनी ग्रबिक आणि लेई जियांग यांच्यासोबत त्यांनी ते प्रयोगानं सिद्ध केलं. त्यांनी सपाट पट्टीवर मोजूनमापून आखलेली धातूची नक्षी वापरली. नक्षीचा प्रत्येक भाग लहरीला वेगळा प्रतिसाद देतो. त्यामुळे पट्टीजवळ विद्युतचुंबकीय क्षेत्राचे झपाट्याने होणारे चढउतार तयार होतात, आणि ठरलेल्या अंतरावर ते एकमेकांना असे खोडतात की मधली एक अरुंद रेघ तेवढी उरते. प्रयोग प्रकाशाच्याच जातीच्या, पण कितीतरी लांब अशा मायक्रोवेव्ह लहरींवर झाला : तरंगलांबी सुमारे ३० सेंटीमीटर, आणि केंद्रित झालेली रेघ तिच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे जेमतेम दीड सेंटीमीटर!

वक्र भिंग नाही की ऋण अपवर्तनांकाचा, म्हणजे प्रकाशाला उलट्या बाजूला वाकवणारा, कृत्रिम पदार्थ नाही. सगळी करामत नक्षीची. मला तर हे विलक्षण सुंदर वाटतं. अट एकच, लक्ष्य पट्टीच्या अगदी जवळ हवं. दृश्य प्रकाशासाठी हीच नक्षी नॅनोमीटरच्या मापात कोरावी लागते आणि तिथे धातू बरीच ऊर्जा शोषून घेतो.