अजिंठ्यात फ्लॅश का नको?

आपल्या वरणगावाजवळ भुसावळला मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. १८४४ पासून त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविल्या. पुढे कॅमेऱ्यानेही लेणी टिपली. त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मूळ चित्रे भिंतीवर शाबूत होती, म्हणूनच १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी त्या पुन्हा करू शकले. परंतु मूळच गेले तर? प्रकाशाने रंग विटतात. ही हानी थेंबाथेंबाने साठते व कधीच भरून येत नाही. म्हणून चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. सहलीला गेल्यावर आपण फ्लॅश बंद ठेवावा. काही मिनिटे थांबले की डोळे अंधाराला सरावतात आणि चित्र आपोआप दिसू लागते.