नाकातोंडात पाणी न जाता

गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला बुडण्याचा एकच प्रकार ठाऊक असतो. नाकातोंडात पाणी जाणे! हा वाक्प्रचार आपण संसारातल्या अडचणींनाही लावतो, इतका तो अंगवळणी पडला आहे. परंतु नाकातोंडात थेंबभरही पाणी न शिरता पट्टीच्या पोहणाऱ्याची फुफ्फुसे पाण्याने भरू शकतात, हे प्रथम वाचले तेव्हा मला ती कोणाची तरी थट्टाच वाटली.

स्वीडनमधील वान्सब्रू या गावी दर जुलै महिन्यात नदीतून तीन किलोमीटर पोहण्याची शर्यत होते. हजारो हौशी स्त्रीपुरुष तीत उतरतात. 2016 पासूनच्या काही वर्षांत तेथील डॉक्टरांनी काठावर ठाण मांडून या विकाराची नीट नोंद ठेवली. दर हजारी सुमारे चार-पाच जणांना तो झालेला दिसला आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियाच कितीतरी अधिक होत्या.

प्रकार असा घडतो. चाळिशी-पन्नाशीतली एखादी बाई झकास पोहत असते. मध्येच श्वास पुरेनासा होतो. सराव कमी पडला असे तिला वाटते. ती वेग कमी करते, तरी धाप थांबत नाही. खोकला सुटतो, छातीत हुक्क्यासारखी गुडगुड होते आणि कधी गुलाबी फेस पडतो.

हे पाणी येते कोठून? नदीतून नव्हे, तिच्याच रक्तातून! जमिनीवर असताना आपले बरेचसे रक्त पायांकडे नि पोटाकडे उतरलेले असते. पाण्यात चहूबाजूंच्या दाबाने त्यातले अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त छातीकडे सरकते. थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आणखी भर पडते. त्यात पोहण्याचे श्रम आणि अंगाला आवळून बसणारा पोषाख! फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांचे पडदे अतिशय पातळ असतात. दाब वाढला की नव्या माठातून पाणी पाझरावे तसा रक्तातला पातळ भाग वायुकोशांत पाझरतो. (आपल्याकडे म्हणतात ते 'छातीत पाणी होणे' निराळे, ते फुफ्फुसाबाहेरच्या आवरणात साचते.)

ब्रिटनच्या डॉ. पीटर विल्मशर्स्ट यांनी 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये अशा पाणबुड्यांची नि पोहणाऱ्यांची हकीकत मांडली, तेव्हा सारा दोष थंड पाण्यावर आला. मात्र 1995 साली इस्रायलमधून आलेल्या वृत्तांताने थोडा विचार करायला लावले. तेथे तीस धडधाकट तरुण समुद्रात 2.4 किलोमीटर पोहले आणि आठांना हा त्रास झाला. पाणी काही बर्फासारखे नव्हते. पण पोहण्याआधी दोन तासांत प्रत्येकाने सुमारे पाच लिटर पाणी प्यायले होते! तेव्हा धरमतर ते गेटवे पोहण्याची उमेद बाळगणाऱ्यांनीही आपला समुद्र कोमट आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रक्तदाब असलेल्यांनी तर आधी डॉक्टरांना गाठावे.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली सिल्डेनाफिल हे औषध (भलत्याच कारणासाठी प्रसिद्ध असलेले!) अशा माणसांना देऊन पाहिले आणि फुफ्फुसांतील दाब उतरलेला आढळला. मात्र प्रयोग अवघ्या दहा जणांवरचा; आपल्या मनाने गोळी घ्यायला तो पुरेसा नाही.

बहुतेक रोगी एकदोन दिवसांत बरे होतात, मात्र काहींना हा त्रास पुन्हा होतो. खरी भीती वेगळीच आहे. एखादा यात दगावलाच, तर शवविच्छेदनातही नेमके कारण सांगणे कठीण जाते; कारण बुडालेल्याची फुफ्फुसेही पाण्याने भरलेलीच असतात.

विहिरीवर आम्हांला शिकवले होते, दम लागला की उताणे होऊन पडून राहा. थकव्याला तो उपाय उत्तम. या धापेत मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण शरीर पाण्यातच असते, दाबही तसाच असतो. उताणे व्हावे, हात वर करून होडी बोलवावी आणि शर्यत तिथेच सोडावी. होडीतल्यांनी तिला आडवे करू नये. आडवे केल्यास श्वास अधिकच कोंडतो. शुद्धीवर असेल तर ताठ बसवावे, ओले कपडे काढून पांघरूण घालावे, असेल तर प्राणवायू द्यावा आणि ती 'आता बरे वाटते' म्हणाली तरी इस्पितळात न्यावे.