कंधारचा खंदक आणि कुदळीविना शोधमोहीम

मराठवाड्यात पडकी गढी किंवा ओसाड देऊळ दिसलं की आसपास एखादा खड्डा हमखास दिसतो. गुप्तधनाच्या नादापायी रातोरात कुदळी चालतात, मूर्तीखालची जमीन उकरली जाते, शिळा उलथ्यापालथ्या होतात. हाती काही लागत नाही. जे उभं होतं तेही आडवं होतं. वास्तविक, पुरलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. पण ही शोधाची हौस चांगल्या वाटेलाही लावता येते, आणि नांदेड जिल्ह्यात त्यासाठी कंधारच्या भुईकोटासारखी दुसरी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे.

जिओकॅशिंग नावाचा एक खेळ जगभर खेळला जातो. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र रातोरात नेमकं झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या रानात एका बादलीत वही-पेन्सिल आणि किरकोळ वस्तू ठेवल्या आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने वहीत नाव लिहायचं, आतलं काही घेतलं तर आपलं काही ठेवायचं आणि डबा होता तिथेच ठेवून निघायचं. आज इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या भिंतीच्या परिसरातही लोक असे डबे शोधत फिरतात. डब्यासाठी जमीन खणायची नाही आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, हे या खेळाचे नियम. याचाच एक प्रकार बिनडब्याचा आहे: जागेवर गेल्याशिवाय उत्तर मिळणार नाही असा प्रश्न विचारायचा. जुन्या वास्तूंसाठी मला हाच प्रकार योग्य वाटतो. तटाच्या फटीत प्लास्टिकचा डबा कोंबायला कुणी जाऊच नये.

आमच्या अर्धापूरकरांनी पहिला प्रश्न घरूनच सोडवून निघावं. केळीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात केशवराजाचं मंदिर आहे. दर्शन सगळेच घेतात. मूर्तीच्या हातांतली आयुधं क्रमाने पाहणारे थोडे. विष्णूची चोवीस रूपं या क्रमावरूनच ओळखतात. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वरचा उजवा, वरचा डावा आणि मग खालचा डावा असं फिरायचं. पद्म, शंख, चक्र, गदा या क्रमाने आले तर तो केशव. मूर्तिशास्त्राचे विद्यार्थी ते ‘पशंचग’ असं पाठ करतात. मुलांना समोर उभं करा आणि त्यांनाच ठरवू द्या. मूर्तीचा उजवा हात म्हणजे आपली डावी बाजू, इथे पहिल्यांदा सगळ्यांचीच गडबड होते.

मग नांदेड, लोहा आणि कंधार. नांदेडपासून कंधारचं अंतर साधारण पन्नास किलोमीटर. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला हा किल्ला लांबून दिसतच नाही. सपाट जागा, भोवती गाव, आणि एकदम समोर पाण्याने भरलेला रुंद खंदक. त्याच्या पलीकडे तट सरळ वर चढतो. किल्ल्याची उभारणी राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (इ.स. ९३९ ते ९६७) याच्या काळाशी जोडली जाते, पण आज दिसणारे बुरूज, चर्या आणि जंग्या बहुतेक पुढच्या सुलतानी अमलातल्या आहेत. आत जाताना वाट सरळ नाही. एका दरवाजातून पुढचा दरवाजा दिसत नाही, वळावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर माणूस वरच्या पहारेकऱ्याच्या माऱ्यात येतो. दुसरा प्रश्न इथला: दारावर धडक द्यायला आलेल्या हत्तीला धावायला किती पावलं मोकळी मिळतात? पावलं मोजा, म्हणजे बांधणाऱ्याचं डोकं कळेल. आत भग्न मूर्ती ठेवल्या आहेत, फारसी शिलालेख आहेत. त्यांना हात लावू नये, खडू-पावडर फासून फोटो काढू नयेत.

या किल्ल्याचं सर्वांत थरारक चित्र मात्र कंधारात नाही, इंग्लंडमधल्या विंडसर इथे राजघराण्याच्या संग्रहात आहे. निजामशाहीच्या ताब्यातलं कंधार १६३१ मध्ये शाहजहानचा सरदार नसीरी खान याने वेढा घालून घेतलं. ‘पादशाहनामा’च्या हस्तलिखितात पयाग या चित्रकाराने तो वेढा रंगवला आहे. धूर, आग आणि पुढे सरकणारं सैन्य असं ते चित्र आहे. अवधच्या नवाबाकडून हे हस्तलिखित १७९९ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे गेलं. नावातल्या साम्यामुळे अनेकांना ते अफगाणिस्तानातल्या कंदाहारचं वाटतं. खरं तर ते मन्याड नदीकाठचं आपलं कंधार. त्या चित्राची छापील प्रत बरोबर न्यावी आणि खंदकाच्या बाहेरून चालत फिरावं. वेढा घालणाऱ्यांनी तोफा कुठे मांडल्या असतील? पाण्याखालून सुरुंग नेणं अवघड, मग तो कुठून आणला असेल? तिसरा प्रश्न हाच. याचं एकच उत्तर नाही, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ जातो आणि वाद रंगतो.

वस्ती फक्त तटाच्या आत नव्हती. कंधारला सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात काळप्रियाचं देऊळ, ‘सर्वलोकाश्रय’ नावाचा मंडप आणि जगत्तुंग समुद्र हा तलाव यांचे उल्लेख येतात. देऊळ आणि मंडप गेले. तलाव आहे, आणि नावही तेच आहे. हजार वर्षांपूर्वीचं सार्वजनिक बांधकाम आपल्या नावासकट टिकावं, याचा जिल्ह्याने उघड अभिमान बाळगायला हवा. परिसरात एका अवाढव्य क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडेही मिळाले आहेत. त्यातल्या पावलाशेजारी आपलं पाऊल ठेवून पाहिलं की मूर्तीची उंची किती असेल याचं गणित शाळकरी पोरंसुद्धा मांडू लागतात. पावलाची लांबी उंचीच्या साधारण सहावा-सातवा भाग असते, एवढं त्यांना सांगितलं की पुरे.

पाऊस उघडल्यावर, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत इथे यावं. सकाळी लवकर पोचलं तर किल्ला आणि खंदकाकाठची फेरी उन्हाआधी होते, तलावासाठी दुपारनंतरचा वेळ ठेवावा. आत गवत माजलेलं असतं, म्हणून पायात बूट हवेत. खंदकाचे काठ निसरडे आहेत, मुलांचा हात सोडू नये. उत्तरं वहीत लिहावीत, दगडावर नव्हे. अर्धापूर, नांदेड, लोहा इथल्या शाळांनी सहलीसाठी असे प्रश्न तयार करून एकमेकींना सोडवायला द्यावेत. कंधारच्या मुलांनी काढलेले प्रश्न आमच्या मुलांना नक्कीच जड जातील, कारण खंदकाचं पाणी कुठल्या महिन्यात किती उतरतं हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे.