हिऱ्यातला कामाचा दोष
हिऱ्यातल्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्के अणू कार्बन-१३ जातीचे. त्यांच्या केंद्रकाला स्पिन असतो, म्हणजे ते इवल्याशा चुंबकासारखे वागते. इतका क्षीण चुंबक थेट पकडता येत नाही. मदतीला येतो हिऱ्यातलाच एक दोष: कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी. हिरवा लेसर टाकला की हा दोष तांबडा उजळतो, २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सूक्ष्मलहरी जुळल्या की उजेड किंचित मंदावतो. जवळच्या केंद्रकामुळे ही वारंवारता जराशी सरकते, आणि तेवढ्यावरून त्याचा सुगावा लागतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हिऱ्यातल्याच एका केंद्रकात क्वांटम स्थिती ७५ सेकंद टिकवली. क्वांटमच्या जगात हा काळ प्रचंडच! पवईच्या आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गट याच दोषाच्या आधारे चुंबकीय संवेदक घडवतो आहे.